शुभेच्छांच्या फलकावर एक तारीखही हवी

कल्याण सोडले, मुरबाड आणि सरळगाव मागे पडले की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते आणि टोकावडे येते. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांकडे निघालेल्या गाड्यांना हे गाव चहापुरते आठवते. दिवाळीत मात्र या पट्ट्याचे रूप पालटते. हळवे भात कापून झालेले असते, गरवे अजून शेतात उभे असते, खळी सारवून ठेवलेली असतात. कल्याण, भिवंडी, बदलापूर, मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेली मंडळी चार दिवस घरी येतात. आणि नाक्यानाक्यावर शुभेच्छांचे फलक लागतात. मधोमध हात जोडलेले नेते, त्यांच्या डोक्यावर त्यांचे नेते, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग.

या गर्दीत आणखी एक फलक असायला हवा. त्यावर कुणाचाही फोटो नको. मजकूर एवढाच असावा: दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. २ जानेवारीला सिद्धगडला जमायचे आहे. पौष पौर्णिमेला म्हसाच्या यात्रेत आपला मंडप असेल. उन्हाळी सुट्टीत मोडी लिपीचा वर्ग आहे. घरात जुने कागद असतील तर जाळू नका, आधी आम्हाला दाखवा. आणि खाली नाव असावे टोकावडे परिसराच्या इतिहास मंडळाचे.

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांसाठी असे मंडळ उभे राहिले पाहिजे, आणि त्याला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. ज्याला आठवते तो म्हातारा, ज्याला लिहिता येते ती कॉलेजातली नात आणि ज्याच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे तो शहरातला मुलगा, हे तिघे वर्षात एकदाच एका ओसरीवर बसलेले असतात. भाऊबीज उलटली की ही बैठक मोडते.

परदेशात अशा मंडळांची रीत जुनी आहे. अमेरिकेत १७९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन झाली. त्या देशातली ही पहिली इतिहास संस्था. पुढे तिथल्या लहान लहान गावांनीही आपापल्या संस्था काढल्या. नाताळ जवळ आला की या संस्था सभासदांना शुभेच्छापत्र धाडतात आणि त्याच कागदावर येत्या महिन्यांचे कार्यक्रम कळवतात. व्याख्यान कधी, जुन्या घराला भेट कधी, स्मशानातल्या शिळांची नोंद करायला कोण कोण येणार, वर्गणी किती. सणाची गोडी आणि कामाचे बोलावणे एकाच पाकिटातून घरात येते.

मराठी मुलूख यात मागे होता असे मुळीच नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. पुण्यात १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. दिवाळीला वाचनाची जोड देण्याची कल्पनाही आपलीच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची सवय महाराष्ट्राला लागली. ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर डॉ. दाऊद दळवी यांच्या पुढाकाराने कोकण इतिहास परिषद उभी राहिली आणि कोकणच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना एक व्यासपीठ मिळाले. सदाशिव टेटविलकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जिल्ह्यातील किल्ल्यांवर लिहिले.

ही सगळी कामे मोलाची आहेत. पण त्यांची ठिकाणे पुणे, धुळे आणि ठाणे शहर. मोरोशीच्या आश्रमशाळेतल्या मुलीला किंवा टोकावड्याच्या शेतकऱ्याला ठाण्याच्या सभागृहातल्या परिसंवादाला जाणे परवडत नाही, आणि तिथल्या विद्वानाला तिच्या आजीची बोली उमगतेच असे नाही. जिथे घटना घडल्या तिथेच कुणीतरी बसून लिहिले पाहिजे. राजवाड्यांनी हेच केले. ते गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उघडायला लावली, नकलून घेतली. वाईत सापडलेल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ ला त्यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यांचे स्मरण करायचे तर हार घालण्यापेक्षा एक दप्तर उघडून नीट वाचलेले बरे.

टोकावड्याच्या आसपास उघडण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, आणि सुरुवात थेट दोन हजार वर्षांपासून होते.

टोकावड्याच्या पुढे वैशाखरे ओलांडले की महामार्गाच्या कडेला नाणेघाटाची वाट फुटते. रान संपले की वाट एका अरुंद घळीत शिरते आणि दगडी पायऱ्यांवरून थेट घाटमाथ्याशी जाते. वर जुन्नर तालुक्यातले घाटघर. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. माथ्याजवळ कातळात कोरलेले दालन आहे. त्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला हा लेख सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाशी जोडलेला आहे. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन आहे. मग अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी. या यादीतले आकडे चिन्हांत कोरलेले आहेत, एकपासून वीस हजारांपर्यंत. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते.

मागच्या भिंतीकडे पाहिले तर मन विषण्ण होते. तिथे कधीकाळी राजघराण्यातील माणसांच्या उभ्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, श्रीसातकर्णी, नागनिका, राजपुत्र, एक महारठी. आज वरच्या बाजूला कोरलेली त्यांची नावे उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधली माणसे पार नाहीशी झाली. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेख जगापुढे आणले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांचा उलगडा केला, ब्यूलरने १८८३ मध्ये लेखाचे वाचन छापले. जवळच्या पाण्याच्या पोढीवर सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या दात्याचा लेख आहे. राणीच्या यज्ञाइतकाच हा लहानसा लेखही महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण घाट चढून दमलेल्या अनोळखी वाटसरूला प्यायला पाणी मिळावे म्हणून कुणीतरी खर्च केला, त्याची ही नोंद आहे.

माथ्यावरचा दगडी रांजण सगळ्यांना ठाऊक असतो. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. ही परंपरा आहे आणि ती जरूर सांगावी. पण भिंतीवरचा लेख दानदक्षिणेबद्दल बोलतो, रांजणाबद्दल नाही. ऐकलेले आणि कोरलेले वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सवय मंडळाने पहिल्या दिवसापासून लावून घेतली पाहिजे. गावोगावच्या इतिहासाची पुस्तके अविश्वसनीय होतात ती इथेच. दंतकथा आणि पुरावा एका वाक्यात कालवले की दोन्हींची किंमत जाते.

पहिला कार्यक्रम म्हणून नाणेघाटाचीच सहल ठेवावी. थंडीत, शाळकरी मुलांना घेऊन. ब्राह्मी मुळाक्षरांचा एक कागद प्रत्येकाच्या हातात द्यावा आणि भिंतीवरचे एक अक्षर, फक्त एक, ज्याचे त्याने शोधून काढावे. ज्या मुलाने ते अक्षर ओळखले तो त्या भिंतीवर स्वतःचे नाव कोरणार नाही. कायद्याची भीती आहेच. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण घाटातल्या प्रत्येक भिंतीपाशी शिपाई उभा करता येत नाही.

आता सिद्धगड. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, वकील झाले, आणि वकिली करून पैसा मिळवायच्या वयात कर्जतच्या शेतकऱ्या-आदिवासींसाठी धान्य कोठ्या आणि शाळा चालवू लागले. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठले. तिथे भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील धारातीर्थी पडले. ही जागा मुरबाड तालुक्यात आहे. दरवर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात, अभिवादन होते, भाषणे होतात.

मग मंडळाने वेगळे काय करायचे? जे भाषणात येत नाही ते लिहायचे. भूमिगतांच्या कहाण्यांत दोन-चार नावे मोठी होतात आणि भाकरी पोचवणारे, वाट दाखवणारे, रात्री ओसरीवर आसरा देणारे निनावी राहतात. या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर अशी कुटुंबे कोणती, हे त्यांच्याच दारात बसून विचारायला हवे. त्या वेळी जो दहा वर्षांचा होता त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. पुढच्या दिवाळीची वाट पाहण्याइतका अवधी या कामाला नाही. माणूस गेला की त्याच्या मुलाकडून ऐकावे लागते, मग नातवाकडून, आणि प्रत्येक पिढीगणिक गोष्ट सोपी आणि शूर होत जाते.

सिद्धगडाच्याच बाजूला, मुरबाडहून दक्षिणेला, म्हसा आहे. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. ठाणे जिल्ह्यातल्या मोठ्या यात्रांपैकी ही एक. बैलबाजार आणि घोंगड्या हे तिचे जुने वैशिष्ट्य. घाटावरचा व्यापारी आणि कोकणातला शेतकरी इथे समोरासमोर येतात. नांगरटीच्या बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर बैलबाजाराचे काय झाले, घोंगड्या विणणारे आता कुठून येतात, आजोबा बैलाचे दात पाहून वय कसे सांगत, दर ठरवताना रुमालाखाली बोटांची खूण कशी चाले, हा सगळा आर्थिक इतिहास आहे आणि तो कुठल्याही किल्ल्याच्या तटबंदीइतकाच मोलाचा आहे. यात्रेत मंडळाने एक छोटा मंडप टाकावा. आत जुन्या यात्रेची छायाचित्रे लावावीत आणि येणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हा काय विकत घेतले आणि कितीला? चार दिवसांत वही भरेल.

शहापूर तालुक्याची गोष्ट आणखी निराळी. तिथे माहुलीचा किल्ला आहे. १६३६ मध्ये शहाजीराजे याच किल्ल्यावर वेढले गेले, शेवटी त्यांना तह करावा लागला आणि निजामशाही संपली. तिथे वाशिंद-आसनगाव-कसाऱ्याचा लोहमार्ग आहे. १८६१ च्या आरंभी गाडी कसाऱ्याला पोचली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेली. घाटाच्या त्या बांधकामावर किती स्थानिक हात राबले, त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. अगदी अलीकडे, ५ जून २०२५ रोजी, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तोही याच तालुक्याच्या शिवारातून जातो. ज्यांच्या शेतांवरून तो गेला त्यांच्या आठवणी आज ताज्या आहेत. पन्नास वर्षांनी संशोधक त्या शोधत फिरतील. आज त्या फुकट मिळतात.

आणि पाणी. तानसा धरण १८९२ चे. त्यानंतर मोडकसागर, भातसा. मुंबईच्या नळाला येणारे बरेचसे पाणी या डोंगरांत साठते आणि उन्हाळ्यात याच डोंगरातल्या पाड्यांवर टँकर येतो. वर्तमानपत्रांत हे दर मे महिन्यात छापून येते. छापून येत नाही ते असे, की पाण्याखाली गेलेल्या गावांत काय काय होते. मुरबाड तालुक्यात बारवी धरणाची उंची वाढल्यावर तोंडली, मोहघर यांसारखी गावे बुडाली. नुकसानभरपाईच्या कागदांत घरे मोजली जातात, झाडे मोजली जातात. गावदेवीचे ठाणे कुठे होते, होळी कुठे पेटे, कुठल्या वळणाला वाघोबा होता, पाणवठ्याला काय नाव होते, याचा पंचनामा कोणी करत नाही. विस्थापित कुटुंबे आज हयात आहेत. त्यांना एका दुपारी एकत्र बसवून एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा आठवणीतून काढून घेता येतो. काळू नदीवरच्या धरणाचा वाद या भागात वर्षानुवर्षे चालू आहे. त्या धरणाच्या बाजूने असोत वा विरोधात, लोकांनी गावाची नोंद आधी करून ठेवावी. पाणी चढू लागले की ते जमत नाही.

शेतांच्या नावांचेही तसेच. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. शेतकरी मात्र नंबराने बोलत नाही. त्याच्या तोंडी प्रत्येक खाचराला, माळाला, वरकस तुकड्याला स्वतःचे नाव असते. त्या नावात कुणी पाडलेली विहीर असते, एखादे वठलेले झाड असते, कधी एखादा जुना तंटा असतो. जमीन विकली, प्लॉट पडले की नाव पहिल्यांदा मरते. एका गावाची शिवारातली नावे लिहून काढायला दोन रविवार पुरतात. कार्यक्रमपत्रिकेत हे काम वरच्या ओळीत असावे.

या पट्ट्याच्या इतिहासाचा सर्वांत मोठा वाटा ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली समाजांकडे आहे, आणि लिहिलेल्या पानांत त्यांचा वाटा सर्वांत लहान आहे. मंडळ निघाले आणि त्याच्या कार्यकारिणीत या समाजांची माणसे बरोबरीने बसली नाहीत, तर ते मंडळ नसलेले बरे. इथली दिवाळीच पाहा. वसुबारसेच्या दिवशी डोंगरपट्ट्यातल्या अनेक वाड्यांवर वाघबारस होते. गुराखी एकत्र येतात, घरोघरचे तांदूळ गोळा होतात, वाघोबाच्या ठाण्यापुढे नैवेद्य शिजतो आणि गुरांना सांभाळ असे त्याला सांगितले जाते. घरात उकडलेले करांदे आणि कोनफळ असते. शहरातल्या शुभेच्छापत्रावर पणती आणि आकाशकंदील असतो. टोकावड्याच्या मंडळाच्या पत्रावर वाघोबा असावा.

राघोजी भांगरे यांचे नाव आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध उठलेल्या या महादेव कोळी वीराला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. नगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या डोंगरात त्यांची माणसे होती. त्यांच्या बंडाची सरकारी बाजू इंग्रजी कागदांत आहे. लोकांची बाजू गाण्यांत आणि सांगण्यांत आहे. ती मिळवायची तर डोंगरातल्या वाडीवर मुक्काम करावा लागेल.

गाण्यांचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सुमारे एक लाख. त्यांतल्या बहुतेक गाणाऱ्या बाया शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. सासर, भाऊ, पाऊस, आंबेडकर, पंढरी, सगळे त्या ओव्यांत आले. प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव आणि गाव आहे. मुरबाड-शहापुरात लग्नात धवळे गाणाऱ्या बाया आहेत, कामडी नाचाची गाणी येणारे ठाकर आहेत. डीजे आल्यापासून त्यांना बोलावणे कमी झाले. मंडळाने त्यांना मानाने बोलवावे, प्रवासखर्च आणि बिदागी द्यावी, गाणे पूर्ण टिपून घ्यावे आणि खाली त्यांचेच नाव लिहावे.

मोडीचा वर्ग हा काहींना हौसेचा विषय वाटेल. पण २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्ताने न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा तालुक्यातालुक्यांतली जुनी दप्तरे बाहेर निघाली. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, हा शब्द घराघरांत पोचला. आणि लक्षात आले की यांतल्या बऱ्याच नोंदी मोडीत आहेत आणि त्या वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जातो. शब्द कुठे तुटतो ते डोळ्याला सहज कळत नाही. सराव मात्र काही महिन्यांचाच लागतो. शिवळ्याच्या महाविद्यालयातल्या वीस मुलांनी मोडी शिकून घेतली तर तालुक्याला वीस वाचक मिळतील, आणि त्यांच्यापैकी काहींना त्यातून चार पैसेही मिळतील. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे काहीही मत असो, आपल्या पणजोबाची नोंद आपल्याला वाचता यावी यात वाद नसावा.

मंडळ काढणे अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे एकत्र आली की पुरते. जागा शाळेची मिळते. पैशांची गरज सुरुवातीला थोडीच असते, वर्गणीतून भागते. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. आपल्याकडची बरीच मंडळे स्थापनेच्या दिवशी शाल-श्रीफळ देतात, वर्धापनदिनाला पुन्हा शाल-श्रीफळ देतात, आणि मधल्या काळात काय झाले याची एक ओळ सापडत नाही. दुसरी खोड अशी, की इतिहास म्हणजे किल्ले, किल्ले म्हणजे शिवकाल, आणि शिवकाल म्हणजे घोषणा. शिवरायांवरच्या भक्तीला कुणाची हरकत नाही. पण त्यांच्या नावाने गडावर जाणाऱ्या तरुणाला पायथ्याच्या वाडीतली शेंदूर फासलेली शिळा वीरगळ आहे की गधेगाळ, हे ओळखता आले पाहिजे. शिळेवर चंद्र-सूर्य आणि खाली शापाचे चित्र असेल तर ती गधेगाळ, म्हणजे शिलाहारांच्या काळातली दानाची शिळा, असू शकते. कोकणात अशा शिळा ठिकठिकाणी आहेत. कोणी त्यांना पायरी केली, कोणी त्यांवर कपडे धुतले, रस्ता रुंद करताना काही भरावात गेल्या.

तेव्हा नियम थोडे, पण कडक असावेत. नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि तारीख हवीच. त्याची परवानगी हवी. घरातले कागद मंडळाने ठेवून घेऊ नयेत. जागेवर छायाचित्र काढावे, कागद घरच्यांना परत द्यावा आणि तो वाळवीपासून कसा जपायचा ते सांगावे. शेतात नाणे किंवा मूर्ती सापडली तर ती लपवू नये, विकू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे गावात नीट समजावून सांगावे. लोक घाबरतात ते माहिती नसल्यामुळे, आणि घाबरलेला माणूस वस्तू गुपचूप भंगारात घालतो. कुठल्या जातीचे, कुठल्या पक्षाचे मंडळ अशी ओळख एकदा चिकटली की निम्मी दारे बंद होतात. म्हणून फलकावर फोटो नको हे आधीच म्हटले.

वर्षाअखेरीस एक पातळ दिवाळी अंक काढावा. बत्तीस पाने पुरेत. त्यात कविता नसल्या तरी चालतील. एका गावाची शिवारातली नावे, एका आजीचे गाणे, एक वाचलेला मोडी कागद, एका बुडालेल्या गावाचा नकाशा आणि पुढच्या वर्षाच्या तारखा. त्याची एक प्रत प्रत्येक शाळेत आणि एक ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात जावी. मुंबई सरकारने १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे खंड छापले. त्यानंतर एवढ्या बारकाईने या डोंगरांकडे पाहायचे काम आता इथल्याच माणसांना करायचे आहे, आणि ते त्यांना इंग्रज अधिकाऱ्यांपेक्षा चांगले जमेल, कारण ओसरीवर त्यांना बसायला सांगितले जाते.

या दिवाळीत टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, म्हसा, किन्हवली, शहापूर इथे जे घरी असतील त्यांनी पाडव्याच्या संध्याकाळी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ अर्धा तास बसावे, फोनचा ध्वनिमुद्रक चालू करावा आणि गावात पहिली एसटी कधी आली, दुष्काळात काय खाल्ले, मुंबईला पहिल्यांदा कोण गेले, एवढे विचारावे. ज्यांना हे काम पुढे न्यावेसे वाटते अशी सात माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांनी २ जानेवारीला सिद्धगडला यावे, येताना एक कोरी वही आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि त्या दिवसाची तारीख लिहावी.